म्युझिक व्हिडिओच्या प्रोजेक्टसाठी प्रेक्षकांचा फीडबॅक नेमका कसा वापरायचा?

तुमच्या गटाने साडेतीन मिनिटांचा म्युझिक व्हिडिओ एडिट करून वर्गात दाखवला, बहुतेकांनी ‘भारी झालाय’ म्हटलं, उरलेल्यांनी एकमेकांना छेद देणाऱ्या सूचना केल्या. आता सबमिशनआधी त्यातलं काय घ्यायचं, काय सोडायचं आणि अहवालात काय लिहायचं, असा तुमचा प्रश्न आहे. मी एडिटिंग करतो आणि अधूनमधून विद्यार्थ्यांचे रफ कट, म्हणजे एडिटचे कच्चे मसुदे, बघायला बसतो, त्यामुळे हा पेच चांगलाच ओळखीचा आहे.

‘भारी झालाय’ आधी बाजूला ठेवा. मित्र एवढं म्हणणारच. सूचनांच्या बाबतीत माझा हिशोब सरळ आहे: कुठे खटकलं हे प्रेक्षक सांगतो तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवायचा, आणि काय करा हे सांगू लागला की मान डोलवून ऐकून घ्यायचं. दुखतंय कुठे हे त्यालाच कळतं. औषध एडिटिंगच्या टाइमलाइनसमोर बसलेल्याने शोधायचं.

एका गटाच्या व्हिडिओत गायिका रिकाम्या घरात फिरत गाते आणि मधेमधे एक लहान मुलगी दिसते. गटाच्या मनात ती म्हणजे गायिकेचंच बालपण. बघणाऱ्यांना ‘गोष्ट काय होती ते सांगा’ म्हटल्यावर कुणाला ती गायिकेची मुलगी वाटली, कुणाला वारलेली धाकटी बहीण. मग सूचना सुरू झाल्या. मुलीचे शॉट ब्लॅक अँड व्हाइट करा. ‘वीस वर्षांपूर्वी’ अशी पाटी टाका. मुलीचे शॉट वाढवा. मुलगी काढूनच टाका. एकीचा दुसरीशी मेळ नाही, पण तक्रार सगळ्यांची एकच: दोघींमधला दुवा दिसत नव्हता. गंमत म्हणजे तो शूट झालेला होता. दोघींच्या हनुवटीवर मेकअपने सारखीच जुन्या जखमेची खूण केली होती, फक्त गायिकेचा क्लोज-अप थेट शेवटच्या अंतऱ्यात येत होता. तो पहिल्या अंतऱ्याच्या आधी आणला, त्याला लागूनच मुलीचा तसाच, त्याच बाजूने घेतलेला क्लोज-अप जोडला. नवीन शूट नाही, पाटी नाही. पुढचा कट ज्यांनी पाहिला त्यांना ‘ही लहानपणीची तीच ना?’ असं आपणहून सुचलं.

म्हणून ‘आवडला का?’ हा प्रश्न विचारूच नका. दाखवण्याआधी कथा समजावून सांगू नका, संपल्यावर गोष्ट त्यांच्याकडून वदवून घ्या, आणि कोणता शॉट लक्षात राहिला ते विचारा. गूगल फॉर्म आकडेवारीपुरता ठीक आहे, पण लोक त्यात घाईने चार-पाच तारे देऊन मोकळे होतात. त्यापेक्षा शेजारी असे बसा की पडद्याऐवजी त्यांचा चेहरा दिसेल. नजर कुठे हलली, कोण खुर्चीत सरकलं, हात मोबाइलकडे कधी गेला, तेवढा टाइमकोड, म्हणजे व्हिडिओतली नेमकी वेळ, टिपून ठेवा. दोन-तीन जण वेगवेगळ्या वेळी पाहूनही १:४० च्या आसपास चुळबुळ करत असतील, तर तिथे काहीतरी नक्की आहे, मग नंतर ते तोंडाने काहीही म्हणोत.

‘मधे स्लो वाटतो’ ही तक्रार हमखास येते आणि विद्यार्थी हमखास दुसऱ्या अंतऱ्यात कट वाढवतात. बहुतेक वेळा त्याने काही होत नाही. तिथे नवीन काहीच दिसत नसतं: तीच जागा, तीच फ्रेम, तेच भाव. एखादी नवी गोष्ट त्या अंतऱ्यासाठी राखून ठेवा, तोच शॉट लांब असला तरी चालून जातो. आणि प्रत्येक कट ठेक्यावरच मारला असेल तर कान-डोळ्यांना पुढचा कट आधीच कळू लागतो. काही कट ओळीच्या मध्यावर किंवा हालचालीवर टाकून बघा.

‘ओठ जुळत नाहीत’ असं कुणी म्हणालं तर मात्र वाद घालू नका, तपासा. पहिली चौकशी: ब्लूटूथ हेडफोनवर ऐकत होते का? त्यात आवाज उशिरा येतो, दोष फाइलचा नसू शकतो. वायर लावून पुन्हा दाखवा. दोष खरा असेल तर तो कोणत्या दिशेचा आहे तेही बघा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला की माणसाला जाणवू लागतो. मागे पडला तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत तो खपून जातो. सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते, म्हणजे आवाज दोन फ्रेम पुढे असणं हे दोन फ्रेम मागे असण्यापेक्षा कितीतरी जास्त टोचतं. सुरुवात जुळते आणि त्याच लांब टेकचा शेवट सुटतो असं असेल तर घसरण आहे, म्हणजे फरक हळूहळू वाढत जातोय. सेकंदाला २३.९७६ फ्रेमचं फुटेज २४ धरून चालवलं तर २१० सेकंदांत साधारण ०.२ सेकंदाचा, म्हणजे पाच फ्रेमचा फरक पडतो. मोबाइलवर शूट केलं असेल तर आधी संशय व्हेरिएबल फ्रेम रेटवर, म्हणजे सेकंदाला कमी-जास्त होणाऱ्या फ्रेमवर घ्या. फाइल स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून मगच एडिटमध्ये आणा.

‘फार काळोख आहे’ याचा निवाडा लगेच होतो: व्हिडिओ मोबाइलवर, दिवसाउजेडी बघा.

आता कुणाला दाखवायचा. पहिल्यांदा पाहणारा माणूस एकदाच मिळतो. दुसऱ्यांदा त्याला गोष्ट माहीत असते. सगळ्या वर्गाला पहिला कट दाखवून बसलात तर दुसऱ्या कटसाठी कोरी नजर उरत नाही. तुमच्या ठरवलेल्या प्रेक्षकवर्गातले काही जण मुद्दाम मागे ठेवा. कलाकारांना ओळखत नसतील तर उत्तम.

यूट्यूबवर अनलिस्टेड लिंक टाकणार असाल तर रिटेन्शनचा (लोक कुठपर्यंत बघत राहिले याचा) आलेख मोजक्या व्ह्यूजवर फारसं सांगत नाही. तिथे अपलोड केलेल्या व्हिडिओची फाइल बदलता येत नाही, त्यामुळे प्रत्येक कटची लिंक वेगळी होते. लोकांना ती कटकट वाटते, अहवालासाठी मात्र ती सोयीची, कारण कोणती कमेंट कोणत्या कटवर आली ते आपोआप वेगळं राहतं.

अहवालात पाय चार्ट कमी, टाइमकोड जास्त. प्रेक्षक काय म्हणाला, आम्ही त्यातून काय समजलो, कुठे काय बदललं, आणि बदलाआधीची-नंतरची फ्रेम शेजारी शेजारी. न स्वीकारलेल्या सूचनाही कारणासकट लिहा. गाणं विरहाचं असताना कुणी शेवटी दोघांना भेटवा म्हणालं, तर ‘का नाही’ याचं उत्तर गाण्याच्या शब्दांतूनच देता येतं. परीक्षकाला तिथे तुमचा विचार दिसतो. सिद्धांत हवा असेल तर माध्यम-संस्कृतीचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांची १९७३ ची मांडणी इथे चपखल बसते: अभिप्रेत अर्थ तसाच घेणारे, काही मान्य करून काही आपल्या परीने वळवणारे, आणि तो अर्थ कळूनही नाकारणारे. फक्त ज्याला गोष्ट कळलीच नाही त्याला तिसऱ्या गटात ढकलू नका. तो नकार नव्हे, तो तुमच्या एडिटचा गोंधळ. व्हायवाला हाच प्रश्न येऊ शकतो.

दिवस थोडे उरले असतील तर आधी सिंक (ओठ आणि आवाजाचा मेळ), मग गोष्टीतला दुवा, मग दुसरा अंतरा. ग्रेडिंगला, म्हणजे रंग-उजेडाच्या कामाला, पिक्चर लॉक झाल्याशिवाय (कट पक्के झाल्याशिवाय) हात लावू नका, आणि वर्गात दाखवलेला पहिला एक्सपोर्ट अजून असेल तर तो डिलीट करू नका. अहवालातल्या ‘आधीच्या’ फ्रेम त्यातूनच काढायच्या आहेत.