स्वतः डॉक्टर नसताना ब्रेन ट्यूमरच्या रुग्णांसाठी स्वयंसेवक म्हणून काय करता येईल? मी परभणीत राहतो.

भरपूर करता येईल. सुरुवात कागदांपासून करा. आपल्याकडचा माणूस देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसून मुंबईला परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलात पोचतो, तेव्हा पिशवीत एमआरआयचा नुसता रिपोर्ट असतो आणि सीडी घरी कपाटावर. ऑपरेशन इकडेच झालं असेल तर बायोप्सीच्या (गाठीच्या तुकड्याच्या तपासणीच्या) काचेच्या स्लाइड आणि तो तुकडा ज्यात जपून ठेवतात ते मेणाचे ब्लॉकही लागतात. ते मागून घ्यायचे असतात हे घरच्यांना कुणी सांगतच नाही. रेल्वेच्या सवलतीचंही तेच. उपचाराला जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत भाडं माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट. मात्र हॉस्पिटलचा ठरावीक फॉर्म हवा, आणि गाठ कॅन्सरची नसेल तर ही सवलत लागू नाही.

दुसरं, झटका, म्हणजे फिट किंवा आकडी. गावात अजूनही कांदा हुंगवतात, दातांत चमचा घालतात. तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेला तर थेट दवाखाना. एवढं चार घरांत शिकवलंत तरी मोठं काम होईल.

एक पथ्य पाळा: औषधाबद्दल सल्ला द्यायचा नाही. 'तोंड सुजतंय, गोळ्या बंद करू का?' असं हमखास विचारतील. ती सूज बहुतेकदा स्टिरॉइडची असते आणि ते एकदम बंद करणं धोक्याचं. तिथे डॉक्टरांना फोन लावून द्या, बस.

आणि रुग्णाशी बोला हो, सगळे त्याच्या बायकोशीच बोलतात. शब्द सापडायला त्याला वेळ लागतो. वाक्य तुम्ही पुरं करू नका.