पाळी मागेपुढे व्हायला लागल्यापासून बेंबीजवळ ठोके जाणवतात, घाबरण्यासारखं आहे का?

तुम्ही लिहिलंय त्यातलं मुख्य एवढं: वय ४७, अंगाने सडपातळ, सात-आठ महिने पाळी कधी वीस दिवसांनी तर कधी दोन महिन्यांनी येते, आणि रात्री उताणं पडलं की बेंबीच्या वर आतून काहीतरी उडतं. हात ठेवला तर हातालाही लागतं. सासूबाई म्हणतात बेंबी सरकली. इंटरनेटवर महाधमनीला फुगा येतो हे वाचल्यापासून झोप गेली आहे.

हाताला लागते ती महाधमनीच, यात मला फारशी शंका नाही. हृदयातून निघालेली ही मुख्य रक्तवाहिनी छातीतून खाली येते, पोटात कण्याच्या अगदी पुढ्यात आणि मध्यरेषेच्या किंचित डावीकडे असते, आणि साधारण बेंबीच्या पातळीला तिचे दोन फाटे होऊन ते दोन्ही पायांकडे जातात. बायकांमध्ये तिची रुंदी साधारण दीड ते दोन सेंटिमीटर असते. सडपातळ बाईने उताणं पडून पोट सैल सोडलं की आतडी बाजूला पसरतात आणि कातडीपासून ती फार खोल राहत नाही. मागून कण्याचा टेका असल्यामुळे तिचा प्रत्येक ठोका पुढे, पोटाच्या दिशेने येतो. ज्यांच्या कमरेला मुळात जास्त बाक असतो त्यांना तो आणखी सहज लागतो.

आधी खात्री करून घ्या. एक हात पोटावर जिथे ठोका लागतो तिथे ठेवा आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं मानेवर, जबड्याच्या खाली, एकाच बाजूला. (दोन्ही बाजू एकदम दाबू नका.) ठोके जोडीने पडत असतील तर ती नाडी. मेळ नसेल, मध्येच गुडगुड होऊन थांबत असेल, तर तो आतड्यातला वायू. आणि डोळा फडफडतो तसं एकाच जागी भराभर फडफडून आपोआप थांबत असेल तर पोटाचा स्नायू. पाळी लांबलेली असताना काही जणींना भलतीच शंका येते, तीही इथेच मिटवा: बाळाच्या हृदयाचे ठोके आईला पोटावर हात ठेवून कधीच लागत नाहीत. तरीही या वयात दिवस राहू शकतात. पाळी चुकली असेल तर लघवीची तपासणी करून टाका, दहा मिनिटांचं काम आहे.

आता हे आत्ताच का जाणवायला लागलं? महाधमनी काल आली नाही. बदललं आहे ते हृदयाचं काम, पोटाची भिंत किंवा तुमचं लक्ष, आणि बहुधा तिन्ही थोडं थोडं.

पाळी जाण्याच्या आधीच्या काही वर्षांत इस्ट्रोजेन हे बायकांचं मुख्य हार्मोन सरळ उतरत नाही, वरखाली होत राहतं. मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र त्यामुळे हळवं होतं आणि थोड्याशा उष्णतेनेही अंगातून वाफा निघतात. त्या झटक्यात नाडी मिनिटाला दहा-पंधरा ठोक्यांनी वाढू शकते. दिवसा कामाच्या गडबडीत ते कळत नाही. रात्री दोन-तीन वाजता घामाने जाग येते, घर शांत असतं, तुम्ही उताण्या असता, आणि हृदय अजून जोरात चालू असतं. वाफ जाऊन अंग गार पडतं, ठोका मात्र तेवढा कळत राहतो. मग भीतीने तो आणखी वाढतो.

पाळीच्या या काळात धडधड होणं हे नेहमीचं आहे. पण म्हणून सगळं 'वयाचं आहे' म्हणून सोडून देऊ नये, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त चूक इथेच होते. या वयात अंगावरून जास्त जातं, लोह संपतं, रक्त कमी होतं. हिमोग्लोबिन कमी असलं की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला प्रत्येक ठोक्यात जास्त रक्त ढकलावं लागतं, आणि मग नाडी मानेत, कानात, पोटात सगळीकडे उड्या मारते. दर तासाला पॅड भिजतंय आणि असं काही तास चालतं, अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गाठी पडतात, सात दिवसांच्या वर जातं, किंवा पाळी २१ दिवसांच्या आत परत येते: यातलं एकही असेल तर पोटातल्या ठोक्यापेक्षा ते आधी दाखवा. दुसरं कारण थायरॉइड. तो जास्त चालत असेल तर धडधड, घाम, वजन घटणं, झोप न लागणं, पाळी बिघडणं, म्हणजे हुबेहूब पेरिमेनोपॉजची (पाळी जाण्याआधीच्या या काळाची) यादी. नुसतं लक्षणांवरून दोन्ही वेगळे काढता येत नाहीत, रक्त तपासावंच लागतं. थायरॉइडची गोळी आधीपासून चालू असेल तर डोस जास्त झाला नाही ना, तेही याच तपासणीत कळतं.

पोटाच्या भिंतीचं म्हणाल तर बाळंतपणानंतर पोटाच्या पुढचे दोन उभे स्नायू काही जणींचे पुन्हा पुरते जवळ येत नाहीत, मध्ये फट राहते. तिथे आत-बाहेर फक्त पातळ पडदा असतो, त्यामुळे ठोका नुसता लागत नाही, डोळ्यांनी दिसतोसुद्धा. उताणं पडून गुडघे वाकवा, डोकं उशीवरून थोडं उचला आणि बेंबीच्या वर मध्यरेषेत बोटं आडवी ठेवा. दोन बोटांपेक्षा जास्त जागा लागली किंवा मध्ये लांबट उंचवटा आला, तर फट आहे. धोक्याचं नाही, फिजिओथेरपिस्ट व्यायाम शिकवतात. अलीकडे वजन बरंच उतरलं असेल तरी ठोका लागायला लागतो. मात्र काही न करता वजन उतरत असेल तर ती वेगळीच तक्रार आहे आणि तिची तपासणी वेगळी.

पोटभर जेवल्यावर आतड्याकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीतला रक्ताचा ओघ दुप्पट-तिप्पट होतो, म्हणून रात्रीच्या जेवणानंतर लगेच आडवं पडलं की हे हमखास कळतं. संध्याकाळचा चहा-कॉफी, सर्दीच्या गोळ्या, दम्याचा पंप, मशेरी: हे सगळे ठोके वाढवतात. मशेरीचं मुद्दाम सांगतेय, कारण 'तंबाखू खाता का' विचारलं की बायका 'नाही' म्हणतात, आणि मशेरी तंबाखूचीच असते.

बेंबी सरकण्याबद्दल. सकाळी उपाशीपोटी बेंबीवर बोट दाबून ठोका मधोमध लागला तर बेंबी जागेवर, वर किंवा बाजूला लागला तर सरकली, अशी आपल्याकडे पारख करतात. ती पारख याच महाधमनीची असते. महाधमनी मुळातच जरा डावीकडे आहे आणि तिचे फाटे बेंबीपाशीच होतात, त्यामुळे ठोका बेंबीच्या वर आणि डावीकडे लागणं हेच नेहमीचं. ज्याला 'सरकली' म्हणतात ती बऱ्याचदा तिची खरी जागा असते. सासूबाईंशी वाद घालू नका, ओवा-हिंग-गरम पाण्याने पोट हलकं वाटत असेल तर खुशाल घ्या. पण पोट चोळून, अंगठ्याने खोल दाबून किंवा तांब्या लावून बेंबी 'बसवून' घेणं सोनोग्राफी होईपर्यंत नको. फुगा नाही हे माहीत नसताना उडणाऱ्या जागेवर जोर लावायचा नसतो.

आता फुग्याकडे येऊ. तुमची भीती 'किती जोरात उडतंय' यावर आहे. डॉक्टर मात्र बघतात की किती रुंद उडतंय. ते दोन्ही हातांची बोटं महाधमनीच्या दोन बाजूंना ठेवतात. नेहमीच्या महाधमनीत बोटं प्रत्येक ठोक्याला फक्त वर उचलली जातात. फुगा असेल तर ती वर आणि एकमेकांपासून लांब, बाजूलाही ढकलली जातात. पोट सुटलेलं असेल तर हाताने हा अंदाज चुकतो, म्हणून निकाल सोनोग्राफीचाच. महाधमनी ३ सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद भरली की फुगा म्हणतात, आणि बायकांमध्ये ५ सेंटिमीटरच्या आसपास शस्त्रक्रियेचा विचार होतो. त्याच्या आत ठरावीक अंतराने सोनोग्राफी करून लक्ष ठेवतात. हा मुख्यतः पासष्टीच्या पुढचा, पुरुषांचा आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा आजार. पन्नाशीच्या आतल्या, न ओढणाऱ्या बाईत तो फारच क्वचित असतो. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला असा फुगा झाला असेल, तुम्ही धूम्रपान करत असाल, किंवा बरीच वर्षं ब्लडप्रेशर चढं असेल, तर मात्र ठोका कसाही असो, एकदा मोजून घ्या.

आणखी एक शक्यता लोक विसरतात. महाधमनीच्या पुढे एखादी गाठ असेल, गर्भाशयाचा मोठा फायब्रॉइड किंवा अंडाशयाची गाठ, तर ती ठोका पुढे पोचवते आणि गाठच उडतेय असं वाटतं. तुमच्या वयात फायब्रॉइड सर्रास असतात. अंडाशयाच्या बाबतीत मात्र जागं राहायला हवं: दोन-तीन आठवडे जवळजवळ रोज पोट फुगलेलं, चार घासांत पोट भरतं, परकराची नाडी घट्ट व्हायला लागली, लघवीला सारखं जावं लागतं. याला गॅस समजून महिनोन्‌महिने ॲसिडिटीच्या गोळ्या घेत राहू नका.

तर काय करायचं. दोन आठवडे एका वहीत लिहा: तारीख, वेळ, कशा पडला होतात, जेवून किती वेळ झाला, त्या आधी वाफ आली होती का, आणि नाडी. नाडी अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. स्वस्थ बसलेलं असताना ६० ते १०० नेहमीची. आकड्याशेजारी 'एकसारखी' की 'मध्येच चुकते' तेही लिहा. एखादा ठोका गळून पुढचा जोरात पडणं बहुधा निरुपद्रवी असतं, पण सगळाच ताल विस्कटलेला असेल तर ईसीजी लागतो. ब्लडप्रेशर पाच मिनिटं शांत बसून, दंड हृदयाच्या पातळीला टेकवून मोजा. घरी वारंवार १३५/८५ च्या वर येत असेल तर डॉक्टरांना सांगा.

मग फॅमिली डॉक्टरांकडे जा आणि सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी), फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), साखर आणि ईसीजी एवढं मागा. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. ते १२ च्या वर असूनही फेरिटिन तळाला असू शकतं, म्हणून दोन्ही. लोहाच्या गोळ्या सांगितल्या तर चहाच्या आगेमागे तासभर घेऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही.

उरलेली काळजी ठोक्याच्या वेळची. उठून बसू नका आणि पोट चाचपू नका. दर पाच मिनिटांनी दाबून 'आहे का अजून' बघितलं तर ठोका असणारच, तो थांबायचा नसतो. कुशीवर वळा, गुडघ्यांमध्ये उशी घ्या. पाच मोजत श्वास आत, पाच मोजत बाहेर, असं पाच-सात मिनिटं. रात्रीचं जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी, दुपारनंतर चहा-कॉफी बंद. वाफांनी झोप रोजच मोडत असेल तर त्यावर हार्मोनची आणि बिनहार्मोनची दोन्ही प्रकारची औषधं आहेत. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गाठी झालेल्यांना हार्मोन सहसा देत नाहीत, तेव्हा मैत्रिणीची चिठ्ठी वापरू नका.

थांबायचं नाही असे प्रसंग: पोटात किंवा पाठीत अचानक फाडल्यासारखी कळ, गार घाम, डोळ्यांपुढे अंधारी. किंवा वरच्या पोटात जळजळ-दाब आणि सोबत धाप, घाम, जबडा किंवा हात दुखणं, कारण बायकांचा हार्ट अटॅक पुष्कळदा ॲसिडिटीच्या वेषात येतो. १०८ ला फोन करा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

सोनोग्राफीबद्दल एक बारीक गोष्ट. पाळीच्या तक्रारीसाठी जी सांगतात ती बहुतेक वेळा फक्त खालच्या पोटाची असते, त्यात महाधमनी बघतीलच असं नाही. म्हणून चिठ्ठीवर 'पूर्ण पोट आणि पेल्विस, महाधमनीची रुंदी मोजावी' असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. सहा-आठ तास उपाशी जा, कारण पोटातला वायू मध्ये आला की महाधमनी दिसत नाही. चहा-दूध नको, साधं पाणी चालतं, आणि खालच्या पोटासाठी लघवी भरलेली लागते म्हणून तास-दीड तास आधी चार-पाच ग्लास पाणी प्या. रिपोर्टमध्ये महाधमनीपुढे नुसतं 'नॉर्मल' लिहिलेलं असेल तर तिथेच थांबून मिलिमीटरमधला आकडा लिहून मागा.