तिमय्याला ‘फितूर’ म्हणावे काय?

प्रश्न असा आहे : १५१० मध्ये गोवा घेण्यास पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्कला साहाय्य करणाऱ्या, कर्नाटक किनाऱ्यावरील होनावरच्या तिमय्याचा उल्लेख मराठी लेखनात कधी ‘फितूर’, कधी ‘हस्तक’, तर कधी ‘मित्र’ असा होतो; यांतला नेमका शब्द कोणता?

‘फितूर’ मुळात अरबी. तिकडे त्याचा अर्थ शैथिल्य. हिंदीत तो डोक्यातले खूळ झाला आणि मराठीत कारस्थान. जुन्या मराठीत ‘गडावर फितूर झाला’ म्हणजे कट शिजला. माणसालाच फितूर म्हणण्याची रीत पुढे रूढ झाली. आज वर्तमानपत्रे ‘साक्षीदार फितूर झाला’ असे छापतात, तेव्हा तो आधी आपल्या बाजूचा होता हे त्यात गृहीतच असते. तिमय्या मात्र तेव्हा गोवा ज्याच्या ताब्यात होता त्या विजापूरच्या आदिलशहाचा चाकर नव्हता. तो विजयनगरच्या बाजूने समुद्रावर वावरणारा आरमारी सरदार होता, आणि गोवा त्याच्या दृष्टीने शत्रूचे बंदर होते. शिवाय ‘फितवणे’ या क्रियापदात पुढाकार फितवणाऱ्याचा असतो. येथे उलटेच घडले, कारण तांबड्या समुद्राच्या मोहिमेवर निघालेल्या अल्बुकर्कला गोव्याकडे वळवले ते तिमय्याने. म्हणून ‘हस्तक’ही जमत नाही.

पोर्तुगीज बखरकारांच्या लेखी तो उपयोगी पडलेला समुद्री चाचा आहे. राष्ट्रवादी दृष्टीने लिहिलेल्या इतिहासात तोच देशद्रोही ठरतो. परंतु ज्या देशाशी द्रोह केला असे म्हणायचे, ती कल्पना १५१० मध्ये विजयनगरला किंवा विजापूरला ठाऊक नव्हती. अलीकडचे अभ्यासक त्याचा स्वतःचा हिशेब पाहतात, आणि तो स्पष्ट दिसतो : गोवा खंडणीच्या बोलीवर आपल्या हाती यावा, ही त्याची अपेक्षा होती. अल्बुकर्कने ती मानली नाही. त्याची बोळवण महसुलाच्या अधिकारांवर झाली. मे महिन्यात हातचे गेलेले शहर २५ नोव्हेंबरला पुन्हा जिंकल्यावर लवकरच तो कारभारही होनावरच्याच राजघराण्यातील मल्हाररावाकडे गेला. (आपला ‘ठाणेदार’ पोर्तुगीज दप्तरात ‘तनादार’ होऊन बसला, तो याच महसुली व्यवस्थेतून.)

‘मित्र’ हा शब्द कौटिल्याच्या अर्थाने, म्हणजे शत्रूपलीकडचा राजा या अर्थाने, अचूक आहे. पण आजच्या वाचकाला त्यात जिव्हाळा ऐकू येतो. ‘साथीदार’ म्हटले की पोलिसांची बातमी आठवते. माझे मत ‘मित्रपक्ष’ या शब्दाला आहे. तो आघाड्यांच्या राजकारणातला असल्याने थोडा आधुनिक वाटेल, हे मान्य. मात्र सोबत, सौदा आणि वाट्यावरून होणारी कुरबुर हे तिन्ही अर्थ मराठी वाचक त्यात आपोआप वाचतो.

कोचीच्या राजाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्यावर झामोरीनचे, म्हणजे कोझिकोडच्या राजाचे, वर्चस्व होते, त्यामुळे पोर्तुगीजांना आसरा देणे ही झामोरीनच्या दृष्टीने फितुरीच होती, आणि १५०३ मध्ये त्याने कोचीवर चाल केली ती त्याच रागाने. तेथे ‘फितूर’ लिहायचेच असेल, तर ‘झामोरीनच्या लेखी’ एवढे दोन शब्द आधी जोडावेत.