अमेरिकेतल्या हॉरर कन्व्हेन्शनला पहिल्यांदा जाताना काय तयारी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हॉरर कन्व्हेन्शनचं, म्हणजे भयपटांच्या चाहत्यांच्या मेळाव्याचं, तीन दिवसांचं तिकीट काढलंय, जुन्या, कमी पैशांत काढलेल्या भयपटांचे दिग्दर्शक आणि मेकअपवाले भेटणार आहेत, त्यांच्या सह्या घ्यायच्यात आणि जमलं तर दोन शब्द बोलायचेत. तर सोबत काय न्यावं आणि तिथे कसं वागावं?

सही कशावर घ्यायची ते घरीच ठरवा, बाकीची तयारी त्यावरून ठरते. सही देणाऱ्या पाहुण्याच्या टेबलावर ८×१० इंची फोटो मांडलेले असतात. सहीचे पैसे मोजावे लागतात आणि त्या दरात बहुतेक वेळा तो फोटोही येतो. त्यामुळे एकाच माणसाची सही हवी असेल तर घरून फोटो नेण्यात फारसा अर्थ नाही. एकाच चित्रपटाची तीन-चार माणसं एकत्र येणार असतील तर मात्र पोस्टर न्या. अमेरिकन पोस्टर २७×४० इंचांचं असतं, जुनं असेल तर २७×४१. त्यासाठी निदान ३० इंच लांबीची, ३ इंच किंवा त्याहून जाड नळी लागते. बारीक नळीत पोस्टर इतकं घट्ट गुंडाळलं जातं की टेबलावर ते सपाट राहतच नाही. आदल्या रात्री खोलीत ते उलट्या बाजूने सैल गुंडाळून तासभर ठेवा, मग सपाट पसरा. १९८० च्या आधीची पोस्टर थिएटरांना बहुतेक घडी घालूनच पाठवली जात, म्हणून तुमच्या पोस्टरवर घड्या असतील तर तो दोष मानू नका. फक्त सहीची जागा घडीपासून दूर निवडा, कारण घडीवर शाई तुटते. पहिली सही करणारा सवयीने मधोमध सही करतो आणि बाकीच्यांना कोपरे उरतात. जागा तुम्हीच बोटाने दाखवा, त्यात कोणी अपमान मानत नाही.

डीव्हीडी किंवा ब्लू-रे नेत असाल तर प्लास्टिकचं वेष्टण घरीच काढा आणि आतलं कागदी कव्हर बाहेर काढून त्यावर सही घ्या. डब्याच्या प्लास्टिकवरची सही हाताळून हाताळून पुसली जाते.

आता मार्कर. इथेच सर्वात जास्त चुका होतात. भयपटांची पोस्टर बहुतेक काळी असतात आणि टेबलावर ठेवलेला मार्करही अनेकदा काळाच असतो. स्वतःचे तीन मार्कर न्या: एक काळा, एक निळा आणि एक चंदेरी पेंट मार्कर. पेंट मार्कर हलवून, टोक रद्दी कागदावर दाबून, रंग नीट उतरू लागला की मगच पाहुण्याच्या हातात द्या. पोस्टरच्या वर धरून टोक दाबलं तर रंगाचा थेंब पडतो आणि तो काढता येत नाही. विमानप्रवासात हवेचा दाब बदलल्यामुळे हे मार्कर गळू शकतात. टोक वर करून झिपच्या पिशवीत ठेवा आणि पोचल्यावर पहिल्यांदा उघडताना खाली कागद घ्या.

चकचकीत पृष्ठभागावर बोटांचा तेलकटपणा राहिला तर सही मध्येच तुटते. सहीच्या आधी कोरड्या मऊ कापडाने तेवढी जागा पुसून घ्या. साध्या मार्करची शाई मिनिटभरात सुकते, पेंट मार्करला पाच मिनिटं तरी द्या. तोवर फोटो कव्हरमध्ये घालू नका आणि पोस्टर गुंडाळू नका. सह्या खराब होतात त्या बहुतेक याच घाईने. फोटोंसाठी टॉपलोडर, म्हणजे वरून फोटो सरकवायची कडक प्लास्टिकची कव्हरं न्या. घरी फ्रेम करताना काच सहीला टेकू देऊ नका, मधे माउंटची, म्हणजे फोटोभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, जाड कड ठेवा आणि फ्रेम उन्हापासून लांब लावा. साध्या मार्करची शाई उजेडाने फिकी पडतेच. अतिनील किरण अडवणारी काच घेतली तर ते सावकाश होतं, थांबत नाही.

सही नावासकट हवी असेल तर नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत चिकटचिठ्ठीवर लिहून त्या वस्तूवरच लावा. ‘ज्ञानेश’ किंवा ‘ऋचा’चं स्पेलिंग गोंगाटात तोंडी सांगून जमत नाही. चित्रपटातला संवाद लिहून हवा असेल तर काही जण वेगळे पैसे घेतात. टेबलावर दरफलक असतो आणि शेजारी मदतनीस बसलेला असतो. सही, टेबलाशी फोटो आणि व्यावसायिक छायाचित्रकाराने काढलेला फोटो या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, दरही वेगळे. चौकशी मदतनिसाकडे करा, पाहुण्याशी पैशांबद्दल बोलू नका. रोख रक्कम १० आणि २० डॉलरच्या नोटांत ठेवा. काही टेबलांवर कार्ड चालत नाही आणि कन्व्हेन्शन भरतं त्या हॉटेलातलं एटीएम शनिवारी दुपारपर्यंत रिकामं झालेलं असू शकतं.

हे दर पाहून अनेकजण नाराज होतात, म्हणून थोडं सांगतो. या क्षेत्रातल्या कितीतरी लोकांना त्यांच्याच चित्रपटांतून फारसं काही मिळालेलं नाही. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोंचा १९६८ चा भयपट ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ घ्या. प्रदर्शनाआधी वितरकाने चित्रपटाचं नाव बदललं आणि नवीन नामपट्टीवर कॉपीराइटची सूचना घालायची राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात ती सूचना सक्तीची होती, त्यामुळे चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. पुढे कोणीही त्याच्या प्रती विकू लागलं आणि त्या विक्रीतून बनवणाऱ्यांकडे काहीच आलं नाही. तुम्ही टेबलावर देता तो पैसा मात्र समोरच्या माणसाकडे पोचतो. म्हणूनच बेकायदा छापलेली डीव्हीडी सहीसाठी पुढे करू नका. काही जण चक्क नकार देतात आणि मला तो अगदी रास्त वाटतो.

वेळेचं गणित सोपं आहे. शनिवारी दुपारी सर्वात जास्त गर्दी. शुक्रवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी बोलायला सवड मिळते. पण रविवारी दुपारनंतर पाहुणे विमान गाठायला निघतात, त्यामुळे महत्त्वाचं नाव शेवटच्या दिवसावर टाकू नका. पॅनेलच्या, म्हणजे पाहुण्यांच्या मंचावरच्या गप्पांच्या, वेळा पाहून ठेवा, त्या तासात टेबल रिकामं असतं. चित्रीकरण निघालं म्हणून पाहुणा ऐनवेळी रद्द होणं नेहमीचं आहे आणि प्रवेश-तिकिटाचे पैसे त्यासाठी सहसा परत मिळत नाहीत. एकाच माणसावर सगळी ट्रिप बेतू नका.

आणि बोलायचं काय? ‘मी तुमचा मोठा चाहता आहे’ हे ते दिवसभर ऐकतात आणि त्यावर ‘थँक यू’शिवाय उत्तर नसतं. एक दृश्य निवडा आणि ते कसं केलं एवढंच विचारा. मेकअपवाल्याला विचारा, की कातडी फुगते ती लॅटेक्सखाली हवेच्या पिशव्या ठेवून, की चित्रीकरण उलटं चालवून? ते रक्त मक्याच्या पाकाचं होतं का, आणि चिकट कपड्यांत नटाला किती वेळ थांबावं लागलं? चित्रपटाच्या कॅमेरामनला रात्रीच्या जंगलातला उजेड कुठून आणला ते विचारा. अशा प्रश्नावर माणूस पेन खाली ठेवून हातवारे करत सांगायला लागतो. माझा ठाम सल्ला आहे की नटांपेक्षा मेकअप, संगीत आणि कॅमेऱ्याच्या माणसांना जास्त वेळ द्या. त्यांच्यासमोर रांग लहान असते आणि चित्रपट प्रत्यक्षात कसा घडला हे त्यांच्या हातांना माहीत असतं.

पटकथा किंवा स्वतःच्या चित्रपटाची पेनड्राइव्ह त्यांच्या हातात देऊ नका. पुढे कथाचोरीचा वाद होऊ शकतो म्हणून बरेच जण ती घेतच नाहीत. बोलणं रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा. मागे रांग असेल तर मिनिटभरात आपणहून बाजूला व्हा. उत्तर अर्धं राहिलं असेल तर ‘उद्या सकाळी परत आलो तर चालेल का?’ असं विचारून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी दार उघडताच तिथे जाऊन उभे राहा.