काचेच्या बाटलीसाठी सिरॅमिकचं शोभेचं बूच हाताने कसं करावं? खालची खुंटी भट्टीत वाकते किंवा नंतर मोडते.

खुंटी करूच नका. पक्षी, फूल, मुखवटा, जे काही हवं ते वरचं डोकं मातीचं करा, त्याच्या तळाला खळगा ठेवा आणि त्यात निमुळतं कॉर्क चिकटवा. मातीची बारीक खुंटी मानेशीच मोडते. ती तासून बाटलीच्या तोंडात घट्ट बसवणंही जवळजवळ अशक्य, कारण माती आकसते.

किती आकसते ते आधी मोजा. ओल्या मातीच्या पट्टीवर १०० मिमीची रेघ ओढून ती पट्टी ग्लेझच्या (भाजल्यावर काचेसारख्या होणाऱ्या लेपाच्या) तापमानापर्यंत भाजा. रेघ ८८ मिमी भरली तर आकसणं १२ टक्के. कॉर्कचं वरचं टोक २२ मिमी असेल तर भाजलेला खळगा २३ हवा, म्हणजे ओला असताना २३ ÷ ०.८८ = साधारण २६ मिमी. खोली ओल्यात ११-१२ मिमी पुरे. २६ मिमीच्या दांड्याला कॉर्नफ्लोअर लावून त्याभोवती माती दाबा आणि दांडा लगेच काढा. आत राहिला तर आकसणारी माती त्याच्यावरच तडकते.

एका बुचाला ७०-८० ग्रॅम माती खूप झाली. डोकं उंच आणि जड झालं की हलकी बाटली कलंडते. भिंत ५-६ मिमी ठेवून डोकं पोकळ करा आणि आतली हवा-वाफ बाहेर पडायला सुईने पोकळीतून खळग्यात भोक पाडा. कॉर्क बसल्यावर ते दिसत नाही. चोच, पाकळ्या जोडताना दोन्हीकडे खरवडून स्लिप (पाण्यात कालवलेली पातळ माती) लावा. हे बारीक भाग बाकीच्या मातीआधी वाळून सुटतात, म्हणून प्लास्टिकखाली सावकाश वाळवा. पावसाळ्यात आठवडाही लागतो. भट्टीत तुकडे उडतात ते बहुतेक वेळा जाड भागात उरलेल्या पाण्याची वाफ झाल्याने, त्यामुळे सुरुवातीला ९० अंशांवर दोनेक तास थांबा. मग बिस्क, म्हणजे ग्लेझआधीची पहिली भाजणी, १००० अंशांपर्यंत.

ग्लेझ चिकटू नये म्हणून खळग्याला आणि तळाच्या कडेला वॅक्स (मेण) लावा, कडेच्या वर ३ मिमीपर्यंत ग्लेझ पुसून टाका. बूच मग तळावरच उभं भाजता येतं, तारेचे टेकू नकोत. स्टोनवेअरला (जास्त तापमानाला भाजायच्या टणक मातीला) साधारण १२२०-१२४० अंश, पण तुमच्या माती-ग्लेझच्या पाकिटावरचा आकडा खरा.

कोऱ्या खळग्यात दोन भागांचं इपॉक्सी चांगलं धरतं. ते बाटलीत जाणाऱ्या भागावर येऊ देऊ नका, २४ तास हात लावू नका. उघडताना चोच धरून ओढायचं नाही, तळ पकडून पिळायचं.