न घेतलेलं लोन सिबिलवर दिसतंय? पुरावा कंपनीने द्यायचा

ताई, भावाने कधीच न घेतलेलं ८,४०० चं ॲप लोन त्याच्या सिबिलवर (कर्जांच्या नोंदींच्या रिपोर्टवर) दिसतंय आणि कंपनी म्हणतेय आधी एफआयआर आणा नाहीतर सेटलमेंट करा, तर पहिलं म्हणजे एक रुपयाही भरू नका. भरलं की लोन आपलंच होतं असं कबूल केल्यासारखं होतं, वर रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' (म्हणजे पूर्ण न फेडता तडजोड केली) असं लागतं ते होम लोनच्या वेळी आडवं येतं.

मी बरीच वर्षं लोनच्या फाइली तपासायचं काम केलंय, त्यामुळे ठामपणे सांगतो, माणूस तोच आहे का हे बघणं पैसे देणाऱ्याचं काम आहे. पॅनची झेरॉक्स आपण भाडेकरारापासून सिमकार्डपर्यंत कुठेकुठे देतो, ती काय गुप्त राहते का? फेब्रुवारी २०२२ मध्ये सनी लिओनीनेच ट्विट केलं होतं की तिच्या पॅनवर कोणीतरी २,००० चं लोन काढलंय. इतका ओळखीचा चेहरा असून ही गत, मग तुमच्या भावाचं काय घेऊन बसलात.

कंपनीच्या ग्रिव्हन्स ऑफिसरला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला मेल करा (फोनवर बोलू नका, लेखी काही राहत नाही) आणि केवायसीचे कागद, सेल्फी, ओटीपी गेलेला मोबाईल नंबर आणि मुख्य म्हणजे पैसे कुठल्या खात्यात गेले ते मागा. आरबीआयच्या डिजिटल लेंडिंगच्या (ॲपवरून कर्ज देण्याच्या) नियमांत, मोजके अपवाद सोडले तर, पैसे थेट कर्जदाराच्याच खात्यात जायला हवेत. खातं दुसऱ्याचं निघालं तर कंपनीकडे बोलायला फारसं काही उरत नाही.

त्याच दिवशी सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या ब्युरोंपैकी जिथे जिथे ही एंट्री दिसते तिथे डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार टाका. ब्युरो स्वतःहून एंट्री काढत नाही, कंपनीला विचारतो, आणि कंपनीने २१ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. एकूण ३० दिवसांत तक्रार सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये ज्याच्यामुळे उशीर झाला त्याने तुम्हाला द्यायचे, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. रक्कम माझ्या मते फारच कमी आहे, लोन अडकलेल्या माणसाचं नुकसान याच्या कितीतरी पट होतं, पण मेलमध्ये हा नियम लिहाच, त्यांना कळतं की समोरच्याला माहिती आहे.

पोलिसांकडे जाऊ नका असं नाही, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर किंवा सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करून तिची पावती मेलला जोडा. फक्त एफआयआर होईपर्यंत कंपनीला थांबू देऊ नका. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा तेच छापील उत्तर आलं तर आरबीआयच्या ओम्बड्समनकडे (लोकपालाकडे) ऑनलाइन तक्रार करा, फी लागत नाही, वकीलही लागत नाही.