कानात आवाज ऐकून बीपी उतरतं का?

प्रश्न: डॉक्टर, मिस्टरांना बीपीची गोळी चालू आहे. ऑफिसात कोणीतरी सांगितलं की मेंदूच्या लहरींशी जुळणारे आवाज ऐकले की बीपी उतरतं, झालं, लगेच ॲप घेतलं, रोज रात्री हेडफोन लावून झोपतात, आणि आता म्हणतात गोळी बंद करून बघू. काय करू?
- एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर: ताई, आधी एक करा, गोळी बंद करू देऊ नका. आकडा बरा दिसतोय तो त्या गोळीमुळेच, हे त्यांना प्रेमाने पण ठणकावून सांगा.

मिस्टरांनी ऐकलंय ते अगदीच हवेतलं नाही. अमेरिकेत वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये असा एक प्रयोग मांडला होता. त्यात डोक्याला सेन्सर लावतात, मेंदूच्या लहरी कॉम्प्युटर टिपतो आणि त्यांचेच सूर करून त्याच क्षणी त्या माणसाच्या कानात सोडतो, म्हणजे मेंदू स्वतःलाच ऐकतो. वरचं बीपी सरासरी १५२ वरून १३६ वर आलं, खालचं ९७ वरून ८१ वर. ऐकायला फारच छान, पण माणसं होती फक्त १० आणि तुलनेला दुसरा गटच नव्हता. रोज जाऊन शांत खुर्चीत बसलं, मशीनची भीती गेली तरी आकडा थोडा उतरतोच, मग त्यात आवाजाचा वाटा किती ते कसं कळणार?

आणि ॲपमध्ये सेन्सर कुठेत? तिथे बहुतेक वेळा एका कानात २०० हर्ट्झ, दुसऱ्यात २१० असा ठरलेला आवाज असतो, मेंदूला मधला १० चा ठेका जाणवतो, तुमच्या मिस्टरांच्या मेंदूत काय चाललंय ते त्या फोनला माहीतच नसतं. झोप छान लागत असेल तर ऐकू देत की, आवाज मात्र हळू ठेवा, आणि फिट्सचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

खरं लक्ष मोजण्याकडे द्या. जिने चढून आल्या आल्या, हात खाली लोंबकळत ठेवून मोजलं तर आकडा उगाच जास्त येतो. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, हात टेबलावर छातीच्या उंचीला, त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही. सकाळ-संध्याकाळ आठवडाभर वहीत लिहा, वही डॉक्टरांना दाखवा, गोळी कमी करायची की नाही ते तेच ठरवतील. लोणचं-पापड कमी करा, दिवसाचं मीठ सगळं धरून ५ ग्रॅमच्या आत हवं.

आकडा १८०/१२० च्या वर गेला आणि छातीत दुखतंय, बोलणं अडखळतंय असं काही दिसलं तर ॲप नाही, वही नाही, सरळ हॉस्पिटल गाठा.